तपासलं कुणी?

१९ जुलै २०२४, वार शुक्रवार. त्या दिवशी आपल्या देशातल्या कितीतरी विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. बॉलपेनने नाव, बॉलपेनने सीट नंबर! लोकांनी त्याचे फोटो काढले, मोबाइलवरून एकमेकांना पाठवले, दोन दिवस गंमत चालली. पण इंडिगोने तेवढ्यात जवळपास दोनशे उड्डाणं रद्द केली होती. अमेरिकेतल्या डेल्टा या विमान कंपनीची पुढच्या पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणं रद्द झाली आणि पन्नास कोटी डॉलरचं नुकसान झालं, असं कंपनीनेच सांगितलं. इंग्लंडमध्ये डॉक्टरांना रुग्णांचे कागद संगणकावर दिसेनात. जर्मनीत एका मोठ्या रुग्णालयाने ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. सगळीकडे एकच दृश्य. संगणकाचा निळा पडदा, आणि त्याच्यासमोर हात टेकून बसलेला माणूस.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. पण चूक मायक्रोसॉफ्टची नव्हती. क्राउडस्ट्राइक नावाची एक अमेरिकन कंपनी मोठमोठ्या कंपन्यांना संगणकाच्या राखणीचं सॉफ्टवेअर विकते. तिने त्या सकाळी आपल्या वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटीशी फाइल सगळीकडे पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं! तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक बसले. आणि ते नुसते बंद-चालू करून भागलं नाही. बहुतेक ठिकाणी माणसाने एकेका संगणकापाशी जाऊन, ती फाइल शोधून, हाताने पुसून टाकावी लागली.

मैत्रिणींनो, मी कला शाखेची. संगणक मला बचत गटाचे हिशेब आणि अर्ज टाइप करण्यापुरता येतो. पण ही बातमी वाचल्यावर एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. ती फाइल पाठवण्याआधी कुणीतरी बघितली असेल ना? मग तपासलं कुणी, आणि काय तपासलं? त्या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचलं, विचारलं, समजलं, ते आज सांगते. विषय जरा तांत्रिक आहे. पण पान उलटू नका, कारण शेवटी तो आपल्या रेशनच्या दुकानापर्यंत येतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. संगणकाच्या अगदी आत एक मूळ सॉफ्टवेअर असतं. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लष्करातले कर्नल नव्हेत हं, पण हुकूम मात्र तसाच चालतो. कुणाला किती मेमरी द्यायची, आधी कोणाचं काम, मग कोणाचं, सगळं हाच ठरवतो. आता संगणकाला प्रिंटर जोडला, कॅमेरा जोडला, अंगठा घेणारं यंत्र जोडलं, तर त्या प्रत्येकाची भाषा वेगळी. मग मध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा दुभाषा बहुतेक वेळा थेट गाभ्यातच बसतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. आपल्या टाइपिंगच्या प्रोग्रॅममध्ये घोळ झाला तर तो एकटा बंद पडतो, जसा एका खोलीतला बल्ब जातो. गाभ्यातल्या दुभाष्याने घोळ घातला तर मीटरच्या पेटीतच जाळ. मग सगळं घर अंधारात.

क्राउडस्ट्राइकचं सॉफ्टवेअर राखणदारासाठी म्हणून असंच गाभ्यात बसलेलं होतं, ड्रायव्हरच्या रूपात. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतःच्या चुकीचा सविस्तर अहवाल दिला. तो वाचून मला आपल्याकडची पंगत आठवली. नव्या फाइलमध्ये एकवीस जणांची यादी होती, आणि दुभाष्याने पानं मांडली होती वीस! एकविसाव्याला वाढायला गेला तर तिथे पानच नाही. माणूस असता तर म्हणाला असता, "अहो, एक पान कमी आहे." यंत्र काय म्हणणार? ते नसलेल्या जागी हात घालून बसलं आणि आडवं झालं.

बरं, चाचण्या झाल्या नव्हत्या असंही नाही. झाल्या होत्या. पण आधीच्या चाचण्यांमध्ये त्या एकविसाव्या जागी 'काहीही चालेल' अशी खूण होती, म्हणून तिथे पान आहे की नाही हे कुणी पाहिलंच नाही. फाइल तपासणारं एक वेगळं सॉफ्टवेअर होतं, त्यातच दोष होता, त्याने 'ठीक आहे' म्हणून पुढे ढकललं. मुख्य ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून गेलेला होता, पण त्याला रोज खाऊ घातल्या जाणाऱ्या या फाइली त्या तपासणीत येतच नव्हत्या. आणि सगळ्यात मला खटकलं ते हे, की ती फाइल आधी थोड्या संगणकांवर घालून बघितली नाही. एकदम सगळीकडे! शितावरून भाताची परीक्षा करतात हे आपल्याकडे नव्या नवरीलाही शिकवावं लागत नाही. इथे शीतच दाबलं नाही, थेट पंगतीत पातेलं फिरवलं. (आता कंपनी टप्प्याटप्प्याने पाठवते. आणि जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केलं की अशा राखणदार सॉफ्टवेअरला गाभ्याच्या बाहेर राहून काम करता येईल अशी सोय आणतो आहोत. बैल गेला नि झोपा केला.)

आता याच्या उलट एक जग आहे. लिनक्स नावाची जी प्रणाली आहे, ती १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केली. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात हाच लिनक्सचा गाभा असतो. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक, ते सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. याचा सगळा मजकूर उघडा आहे, कुणीही वाचावा. जानेवारी २०२५ मध्ये तो चार कोटी ओळींच्या पुढे गेला आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी या नुसत्या ड्रायव्हरच्या आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि प्रत्येक आवृत्तीत बारा-पंधरा हजार बदल असतात.

हे बदल कसे येतात हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. ज्याला काही दुरुस्ती करायची तो ती लहान-लहान तुकड्यांत ई-मेलने पाठवतो. त्या तुकड्याला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळच की! आणि ठिगळ आलं की लगेच गोधडीला शिवत नाहीत. त्या-त्या भागाचा एक राखणारा असतो, मेंटेनर. तो आणि बाकीचे जाणकार ते ओळीओळीने वाचतात, प्रश्न विचारतात, परत पाठवतात. पाठवणारा दुरुस्त करून दुसऱ्यांदा पाठवतो, मग तिसऱ्यांदा. दहा-दहा फेऱ्या होतात. कच्च्या ड्रायव्हरसाठी तर २००८ पासून स्टेजिंग नावाची वेगळी ओसरीच ठेवली आहे. आधी तिथे बसा, काय काय सुधारायचं त्याची यादी सोबत लावा, सुधारलात की मग आत या.

आणि सह्या! २००३ साली एका कंपनीने दावा लावला की लिनक्समध्ये आमचा माल चोरून घातला आहे. त्यानंतर २००४ पासून नियम झाला की बदल ज्याच्या ज्याच्या हातून पुढे गेला त्याने खाली आपलं नाव घालायचं. त्याला 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणतात. वाचून तपासलं त्याचं 'रिव्ह्यूड-बाय'. चालवून पाहिलं त्याचं 'टेस्टेड-बाय'. ज्याने मुळात बिघाड कळवला त्याचं 'रिपोर्टेड-बाय'. हे सगळं त्या बदलाबरोबर कायमचं राहतं. दहा वर्षांनी काही बिघडलं तरी कुणाकुणाच्या नजरेखालून गेलं हे काढता येतं. आपल्याकडे गल्लीतला रस्ता उखडला तर तो कुणी पास केला हे विचारून बघा बरं!

आमच्या शेजारची मुलगी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकली, दिवसा नोकरी करते आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर हे काम करते. मी एकदा विचारलं, "काय करून राहिली गं इतक्या रात्री?" तर म्हणाली, "काकू, दुसऱ्याच्या चुका शोधून राहिले." तिच्या आईने लगेच आतून विचारलं, "त्याचे पैसे मिळतात का ते पण सांग काकूंना."

तिने मला एक उदाहरण दाखवलं. संगणकाला वायरने जोडायच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर होता. लिहिणाऱ्याने सगळं नीट लिहिलं होतं. कॅमेरा लावला, चित्र आलं, बंद केला, जागा मोकळी केली. हिने प्रश्न विचारला, चित्र चालू असताना कुणी वायर उपटली तर? लिहिणाऱ्याने तो विचार केला नव्हता. वायर उपटली की एक भाग म्हणतो, "चला, कॅमेरा गेला, जागा परत करा." आणि दुसरा भाग अजून त्याच जागेत चित्र भरतो आहे! म्हणजे भाडेकरूने घर सोडलं, मालकाने दुसऱ्याला दिलं, आणि पहिला अजून जुन्या किल्लीने आत येऊन बसतो. तिथे एकतर यंत्र बंद पडतं, नाहीतर लबाड माणसाला आत शिरायला वाट मिळते. चार ओळी बदलाव्या लागल्या. पण त्या चार ओळींसाठी हिने दोन संध्याकाळी नुसतं वाचन केलं होतं, आणि लिहिणारा नीट चालणाऱ्या कॅमेऱ्यावर खूश होता.

घरात लहान मूल असलेल्या बाईला हा प्रश्न आपोआप सुचतो, नाही का? मूल वायर ओढणारच. गरम पातेलं कुठे ठेवलं, कडेला आहे का, हात पोचेल का, हे बघतच आपण स्वयंपाक करतो. म्हणून मी असं म्हणत नाही की बायकांना ही तपासणी उपजत येते. हे बोलणं मला अजिबात आवडत नाही, कारण त्याचाच पुढे उलटा उपयोग होतो. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आले, गायत्रीनगरच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे, आपल्या मुली तिथे नोकऱ्या करतात, छान आहे. पण घरोघरी मी ऐकते, "मुलीला टेस्टिंगमध्ये टाका, ताण कमी असतो." म्हणजे लिहिणारा तो हुशार आणि तपासणारी ती सोयीची! ही समजूत कुठून आली? ज्याने लिहिलं त्याला एक वाट माहीत असली तरी पुरतं. जी तपासते तिला चुकायच्या सगळ्या वाटा माहीत असाव्या लागतात.

आणि ड्रायव्हरमध्ये चुकायच्या वाटा फार. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली लिनक्सचा गाभा यंत्राने चाळून पाहिला, तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकी भागांपेक्षा तीन ते सात पट निघालं. कारण सोपं आहे. गाभ्याचा मुख्य भाग हजारो लोक रोज वापरतात, वाचतात. एखाद्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर वाचायला तो स्कॅनर तरी घरात हवा ना! ज्याच्याकडे ते यंत्र आहे तोच तो चालवून बघू शकतो.

इथे एका बाईचं नाव सांगितलंच पाहिजे. फ्रान्समध्ये संशोधन करणाऱ्या ज्युलिया लॉल. त्यांच्या चमूने एक साधन बनवलं. एका जागी सापडलेली चूक तशीच्या तशी आणखी कुठे कुठे आहे ते सगळ्या गाभ्यातून शोधून काढायचं आणि दुरुस्तही करायचं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं कॉक्सिनेल. फ्रेंचमध्ये याचा अर्थ लेडीबर्ड, म्हणजे आपल्या कपाशीवर मावा खाणारा तो लाल ठिपक्यांचा ढालकिडा! संगणकाच्या भाषेत चुकीला किडा म्हणतात, तो खाणारी ही मित्रकीड. विदर्भातल्या कुठल्याही शेतकरणीला हे नाव एका क्षणात पटेल. २०१३ पासून लिनक्सच्या गाभ्यात नव्या मुलींना घरबसल्या, मानधन देऊन काम शिकवायचा एक उपक्रम सुरू झाला. त्याचंच पुढचं नाव आउटरीची. त्यात लॉलबाईंनी कितीतरी जणी हाताशी धरून शिकवल्या, आणि त्यात भारतातल्या मुली पुष्कळ होत्या. सुरुवात बहुधा त्या स्टेजिंगच्या ओसरीवरूनच व्हायची.

पण हे जग गोडगोड आहे असं समजू नका. चूक दाखवायची म्हणजे कशी दाखवायची, यावरून तिथे रणं माजली. आपण पेनड्राइव्ह लावतो ती यूएसबीची वेगवान तिसरी पिढी, तिचा लिनक्समधला ड्रायव्हर सेज शार्प यांनी लिहिला. त्या वेळी त्या सारा शार्प या नावाने काम करत. २००९ मध्ये लिनक्समध्ये ही सोय इतर सगळ्यांच्या आधी आली ती त्यांच्यामुळे. २०१५ मध्ये त्यांनी गाभ्याचं काम सोडलं. कामाला मान आहे, पण माणूस म्हणून मान नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. चुका दाखवताना लोक वाटेल ते बोलत, आणि त्यात खुद्द टोर्व्हाल्ड्स पुढे! सप्टेंबर २०१८ मध्ये टोर्व्हाल्ड्स यांनी जाहीर माफी मागितली, काही आठवडे काम बाजूला ठेवलं, आणि वागण्याचे नियम लेखी आले.

यावर दोन मतं आहेत, आणि दुसरं मत मी हसण्यावारी नेणार नाही. काही जण म्हणतात, इतक्या नाजूक जागी खोट चालतच नाही, मग गोड बोलायचं कशाला, 'हे चुकीचं आहे' असं रोखठोक सांगावं. बरोबर आहे, रोखठोक सांगावंच. पण "मीठ जास्त झालं" हे वाक्य वेगळं आणि "तुझ्या आईने काही शिकवलं नाही का?" हे वेगळं. पहिलं ऐकून आपण पुढच्या वेळी मीठ बेताने घालतो. दुसरं ऐकून आपण भाजी करून दाखवायलाच घाबरतो, जमेल तेवढी लपवतो. आणि तपासणीच्या कामात लपवलेली भाजी सगळ्यात घातक. शार्प यांच्यासारखा माणूस गेला तेव्हा ड्रायव्हरचं नुकसान झालं, आणि हे नुकसान कुठल्याही तक्त्यात येत नाही.

विश्वासावर चालणाऱ्या या कामाला बाहेरूनही दगा झाला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या काही संशोधकांनी २०२० मध्ये खोट्या नावांनी, मुद्दाम आत खोट ठेवलेली ठिगळं पाठवली. तपासणाऱ्यांना ती ओळखू येतात का, हे बघायचं होतं, आणि त्यावर निबंध लिहायचा होता! ज्यांच्यावर प्रयोग केला त्यांना आधी विचारलं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये हे चिघळलं, आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ मेंटेनरने त्या अख्ख्या विद्यापीठाला दार बंद केलं. संशोधकांनी माफी मागितली, निबंध मागे घेतला. पण त्या विद्यापीठाकडून वर्षानुवर्षं आलेले सगळे बदल पुन्हा काढून पुन्हा तपासावे लागले. त्यातले बहुतेक चांगले निघाले. म्हणजे चांगल्या कामाचीही पुन्हा निवडझोड, आणि तीही त्याच चार-दोन थकल्या माणसांनी करायची.

थकलेली हा शब्द मी जाणून वापरते. गाभ्यावर काम करणारे बहुतेक लोक आज कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या पगारावर आहेत. पण कंपनी पगार देते ती आपल्या यंत्राचा ड्रायव्हर आत जावा म्हणून, दुसऱ्याचा तपासावा म्हणून नव्हे. त्यामुळे लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे थोडे, ही तक्रार तिथले जाणते कित्येक वर्षं करत आले आहेत. गाभ्याच्या बाहेरची, पण शेजारचीच गोष्ट सांगते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ते सांभाळणारा एकटा माणूस दमला होता, एक अनोळखी मदतनीस दोन-अडीच वर्षं गोड बोलून कामाला लागला, हळूहळू किल्ल्या घेतल्या, आणि आत सुरुंग पेरला. तो कसा कळला? एका अभियंत्याला लॉग-इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागला म्हणून! त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. आणि आता तर यंत्रंच कोड लिहू लागली आहेत. मिनिटात ठिगळ तयार, दिसायला सुबक. पण वाचायला माणसाला वेळ पूर्वीइतकाच लागतो. शेजारची म्हणते, "काकू, लिहिणाऱ्यालाच कळलेलं नसतं त्याने काय पाठवलं. मग मी प्रश्न कुणाला विचारू?"

आता रेशनच्या दुकानाकडे येते. आमचं महिलांचं काम ज्या वस्तीत चालतं तिथल्या बायका धुणीभांडी करतात, काही जणी बांधकामावर जातात. त्यांच्या बोटांवरच्या रेघा साबणाने, सिमेंटने झिजलेल्या. रेशन दुकानातल्या त्या यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्राने तो आधारशी जुळवायचा, मग धान्य. तिथेही अंगठा घेणारं एक छोटं उपकरण आहे, आणि ते आणि बाकी यंत्र यांच्या मध्ये असाच दुभाषा आहे. २०१७ पासून आधारसाठी नोंदणी झालेलीच उपकरणं चालतात, आणि प्रत्येक उपकरणाबरोबर त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर येतं, अंगठ्याची माहिती कुलूपबंद करून पुढे पाठवणारं. सरकारची एसटीक्यूसी नावाची संस्था अशा उपकरणांना प्रमाणपत्र देते. म्हणजे तपासणी आहे.

पण गेल्या वर्षी एका बाईचा अंगठा लागेना. आधीच्या महिन्यापर्यंत लागत होता. तीन वेळा गेली, तीन दिवसांची मजुरी बुडाली. दुकानदार म्हणाला, "मशीनमध्ये नवं अपडेट आलं, मी काय करू?" खरंच अपडेटमुळे झालं की तिचं बोट आणखी झिजलं, मला सांगता येणार नाही. त्याला तरी कुठे सांगता येत होतं? पण बदल झाला असेल तर तो झिजलेल्या अंगठ्यावर ठेवून बघितला होता का? "बोट ओलं असेल तर?" असं कुणी विचारलं होतं का? लिनक्सच्या बदलाखाली निदान नावं तरी असतात. इथे तिला कुणाचं नाव विचारायचं हेच ठाऊक नाही.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात असू द्या. अंगठा जुळला नाही एवढ्याच कारणाने पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही, अशी सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना दिली आहे. ती दुकानात बोलून दाखवा, आवाज न चढवता. दुसरं, आम्ही वस्तीत एक शंभर पानी वही सुरू केली आहे. कुणाचा अंगठा लागला नाही, कोणत्या तारखेला, कितीदा ठेवला, यंत्रावर काय अक्षरं आली, कोणतं बोट चाललं, हे सगळं त्या दिवशीच लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात सांगणारीचं नाव. शेजारच्या मुलीनेच रकाने आखून दिले. त्या शेवटच्या रकान्याला ती 'रिपोर्टेड-बाय' म्हणते. संबंधित कार्यालयात वहीची झेरॉक्स देऊन पोच घेतली आहे, आणि यंत्र पुरवणाऱ्यांपर्यंत ती कोण पोचवणार, असं लेखी विचारलं आहे. उत्तर आलं की याच जागेवर कळवीन.